सेमिनारच्या सकाळीच बिघडणारी प्रकृती

वर्गासमोर बोलायचे असते नेमक्या त्याच दिवशी प्रकृती बिघडते, तेव्हा जावे की न जावे, हा प्रश्न महाविद्यालयीन विद्यार्थी मला नेहमी विचारतात. सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या, तृतीय वर्षातील एका विद्यार्थिनीचा अनुभव त्यासाठी येथे देत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आधीच्या सत्रात दोन वेळा सेमिनारच्या सकाळी तिच्या पोटात मुरडा येऊन जुलाब झाले होते आणि दोन्ही वेळा ती गैरहजर राहिली होती. डॉक्टरांच्या तपासणीत काही निघाले नाही, तेव्हा घरच्यांनी ‘ही सगळी नाटके आहेत’ असा निकाल देऊन टाकला. या सत्रात सेमिनारच्या आदल्या दुपारी ती माझ्याकडे आली ती अंगदुखी आणि बसलेला घसा घेऊन, आणि तरीही जाण्याचा हट्ट धरून. “मॅडम, या वेळी नाही गेले तर सर म्हणतील, हिचे पुन्हा तेच,” असे ती म्हणाली. तिने ताप मोजलासुद्धा नव्हता, कारण हेही भीतीचेच लक्षण असणार, असे तिने स्वतःच ठरवून टाकले होते. वसतिगृहातील थर्मामीटरवर ताप १०१ अंश फॅरनहाइट भरला.

भीतीने होणारी पोटदुखी खोटी नसते, हे घरच्यांनी समजून घेणे फार गरजेचे आहे. धोका जाणवला की शरीरात अॅड्रेनलिन वाढते, हृदयाची गती वाढते, पचनसंस्थेकडील रक्तपुरवठा कमी होतो. त्यातून मळमळ, मुरडा, हातपाय गार पडणे हे सारे प्रत्यक्ष घडते. मात्र हा त्रास सहसा प्रसंगाच्या आधी चढतो, प्रसंग सरला की ओसरतो आणि सुट्टीच्या दिवशी फिरकत नाही. तापाला वेळापत्रक ठाऊक नसते. पॅरासिटामॉलने तो काही तास उतरतो, पण संसर्ग जात नाही, आणि बंद वर्गात तो शेजारच्या बाकापर्यंत पोहोचतो. त्यामुळे उद्या जायचे नाही, हे मी तिला स्पष्ट सांगितले.

तिची खरी अडचण सरांना कळवण्याची होती. सेमिनार चुकल्यानंतर दिलेले कारण सबबीसारखे वाटते, तेच आदल्या संध्याकाळी तयारीच्या पुराव्यासह कळवले तर वाटत नाही. आम्ही मिळून निरोप लिहिला: “सर, मला ताप आहे, आज १०१ अंश होता. सेमिनारची तयारी पूर्ण असून स्लाइड्स सोबत पाठवत आहे. मला पुढच्या आठवड्यातील तारीख मिळू शकेल का?” आजाराचे वर्णन मी मुद्दाम एका वाक्यात आटोपायला लावले, क्षमायाचना तर तिने चार वेळा लिहिली होती, ती चारही वेळा खोडली. सरांनी तिचा क्रम एका वर्गमित्राशी बदलून तिला सोमवार दिला.

सोमवारी ताप नव्हता, पण सकाळीच पोटात मुरडा आला. या दुखण्यासह मात्र जायचे, हे आमचे आधीच ठरले होते. उपाशीपोटी आणि गुडघे ताठ ठेवून बराच वेळ उभे राहिल्यास चक्कर येऊ शकते, म्हणून तिने थोडे पोहे खाल्ले, पाण्याची बाटली घेतली आणि गरज पडल्यास बसून बोलण्याची परवानगी सरांकडून आधीच मागितली. घसा पुरता सुटला नव्हता. कुजबुजत्या आवाजाने घशावर उलट ताण येऊ शकतो, त्यामुळे माइक घेऊन तिने नेहमीच्याच पट्टीत, पण सावकाश बोलावे, असे मी सुचवले होते. पाठांतर केवळ पहिल्या दोन वाक्यांचे केले होते, कारण पूर्ण भाषण पाठ केले की एक शब्द निसटताच पुढचे सगळे कोसळते. सुरुवातीला हात थरथरले, तिसऱ्या स्लाइडनंतर ती खुर्चीवर बसली आणि उरलेला सेमिनार तिने बसूनच पूर्ण केला. तिचे गुण बसण्यामुळे कापले गेले नाहीत.

पोटदुखीने रात्री झोपमोड होत असेल, वजन घटत असेल किंवा शौचावाटे रक्त जात असेल, तर ते भीतीच्या खाती न टाकता डॉक्टरांकडे जावे. आणि सेमिनारच्या भीतीने महाविद्यालयच टाळले जाऊ लागले असेल, तर पुढच्या सेमिनारची वाट न पाहता समुपदेशकाची वेळ घ्यावी.