चुकारा हाती, दिवाळी दारी : खरेदीविषयी वाचकांचे प्रश्न

सोयाबीन मळून बाजार समितीत गेले, चुकारा खात्यात जमा झाला आणि कापसाचा पहिला वेचा घरात आला की विदर्भातल्या खेड्यांत दिवाळीच्या खरेदीची बोलणी सुरू होतात. या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे त्याच खरेदीविषयीची आहेत. शहरातल्या ग्राहकाची साडी सदोष निघाली तर तो संध्याकाळी चालत दुकानात जातो. आपल्याकडे तीच साडी बदलायची तर एका दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे वेगळे लागते आणि ऑनलाइन मागवलेली वस्तू परत न्यायला कोणी गावापर्यंत येईलच अशी खात्री नसते. उत्तरे देताना हे अंतर मी सतत डोळ्यांपुढे ठेवले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आम्ही दारव्हा तालुक्यातले. दिवाळीच्या आधीच्या रविवारी यवतमाळला जाऊन एका मोठ्या दुकानातून घरातल्या सर्वांचे कपडे घेतले. गर्दी इतकी होती की उभे राहायलाही जागा नव्हती. पक्के बिल मागितले तेव्हा "वर जीएसटी लागेल" असे सांगून साध्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. घरी आल्यावर एका साडीचा पदर विरलेला दिसला. दुसऱ्या दिवशी परत गेलो, तर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" या पाटीकडे बोट दाखवले. आता काय करावे?

उत्तर : आधी बिलाविषयी लिहितो, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. जीएसटीची नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने २०० रुपये किंवा त्याहून अधिक रकमेची विक्री केली, तर ग्राहकाने मागो अथवा न मागो, बिल दिलेच पाहिजे. कर हा विक्रीवर लागतो, बिलाच्या कागदावर लागत नाही. त्यातही वस्तूवर कमाल किरकोळ किंमत छापलेली असेल तर तिच्यात सर्व कर आधीच धरलेले असतात आणि त्याहून एक रुपयाही जास्त मागता येत नाही. "बिल नको असेल तर स्वस्त देतो" या बोलण्यात वाचतो तो व्यापाऱ्याचा कर, आणि जातो तो आपला पुरावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

आता पाटीविषयी. सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घेण्यास किंवा तिचे पैसे देण्यास नकार देणे, हेही याच कायद्याने अनुचित ठरवले आहे. भिंतीवरची पाटी कायद्याहून मोठी होत नाही. मात्र "सदोष" या शब्दाकडे लक्ष द्यावे. रंग आवडला नाही, सुनेला काठ पसंत पडला नाही, माप चुकले, अशा कारणांसाठी वस्तू बदलून देण्याचे बंधन दुकानदारावर नाही. तो बदलून देतो तो आपल्या गिऱ्हाइकाला धरून राहण्यासाठी. आपल्या साडीचा पदर विरलेला आहे, म्हणजे आपली बाजू भक्कम आहे.

आपण पैसे फोनवरून भरले असतील तर त्या व्यवहाराची नोंद, हातची चिठ्ठी आणि विरलेल्या पदराची छायाचित्रे एकत्र ठेवावीत. दुकानदाराला लेखी कळवावे. व्हॉट्सॲपवरचा संदेशही चालेल, पण तो पुसू नये. त्याने दाद दिली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. तेथे मराठीत तक्रार नोंदवता येते आणि त्यासाठी गाव सोडावे लागत नाही. त्यापुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही आणि वकील लावण्याची सक्ती नाही. एवढे असले तरी माझे प्रामाणिक मत असे की एका साडीसाठी तारखांना जाण्यात साडीपेक्षा भाडेच जास्त होईल. १९१५ वर तक्रार करणे मात्र कोणालाही परवडते.

पुढल्या वेळी शक्य असेल तर रविवार आणि आठवडी बाजाराचा दिवस टाळावा, आणि पहिल्या एसटीने जाऊन दुकान उघडताच आत शिरावे. त्या वेळी गादीवर बसलेला माणूस साडी पूर्ण उलगडून दाखवतो; दुपारी तीन वाजता तोच माणूस घडीचे एक टोक दाखवून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. पदर, काठ आणि मधला भाग उजेडात पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, मग मागे कितीही रांग लागलेली असो. बिल करताना मोबाइल क्रमांक देण्याचेही बंधन नसते.

प्रश्न : माझी बहीण अमरावतीला खरेदीसाठी गेली असता गर्दीत तिचा मोबाइल चोरीला गेला. फोनमध्ये यूपीआय होते आणि कव्हरच्या मागे एटीएम कार्ड ठेवलेले होते. रात्री घरी पोहोचेपर्यंत खात्यातून १८ हजार रुपये गेले. (चांदूर बाजार तालुक्यातील वाचक)

उत्तर : फोनच्या कव्हरमध्ये कार्ड ठेवण्याची पद्धत आपल्याकडे घरोघर आहे आणि ती किती महाग पडते हे या पत्रावरून कळते. यूपीआयचा पिन चोराला ठाऊक नसला तरी डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, त्यावरची मुदत आणि त्याच सिमवर येणारा ओटीपी या तीन गोष्टी हाती असल्या की अनेक बँकांत नवा पिन तयार करता येतो. कव्हरमधल्या कार्डाने त्यांपैकी दोन गोष्टी चोराला आयत्या दिल्या आणि सिम तर फोनमध्येच होते. कार्ड वेगळे ठेवावे, फोनला कुलूप लावावे, कुलूप लागलेल्या पडद्यावर संदेश दिसणार नाहीत अशी सोय करावी आणि सिमलाही पिन लावावा, म्हणजे ते दुसऱ्या फोनमध्ये घातले तरी चालत नाही.

फोन गेल्याचे लक्षात येताच घरी परतण्याची वाट पाहू नये. सोबतच्या कोणाच्याही फोनवरून आधी सिम बंद करवावे, मग बँकेच्या ग्राहक सेवेला कळवून कार्ड आणि यूपीआय थांबवावे, आणि पैसे गेलेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर लगेच तक्रार करावी. हा क्रमांक उपयोगी पडतो तो वेगामुळे : तक्रारीची माहिती संबंधित बँकेकडे जाते आणि चोराने रक्कम दुसऱ्या खात्यात हलवण्याआधी ती रोखता येते. चार तासांनी केलेल्या फोनने तेच काम होईल असे नाही.

रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमानुसार, चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा अनधिकृत व्यवहाराची सूचना तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर ग्राहकावर भार पडत नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत दिली तर मर्यादित भार पडतो. ग्राहकाचा निष्काळजीपणा ठरला, तर बँकेला कळवण्याआधीचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. बँक कव्हरमधल्या कार्डाचा मुद्दा काढील अशी शक्यता आहे, तरीही लेखी तक्रार देऊन तिची पोच अवश्य घ्यावी.

पोलिसांत तक्रार दिल्यावर दूरसंचार विभागाच्या "संचार साथी" या संकेतस्थळावरून तो फोनच निकामी करता येतो. त्यासाठी फोनचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक लागतो, जो खोक्यावर किंवा बिलावर छापलेला असतो. आपल्या जुन्याच मोबाइल क्रमांकाचे नवे सिम घेतल्यावर पहिले २४ तास संदेश बंद असतात, म्हणून ओटीपी येत नाही असे पाहून घाबरू नये.

प्रश्न : फेसबुकवर दिवाळी सेलची जाहिरात दिसली. २५ हजारांचा मोबाइल ६,९९९ रुपयांत आणि "फक्त ११ मिनिटे शिल्लक" असे खाली लिहिलेले होते. पैसे भरले, पण नऊ दिवस झाले तरी वस्तू आली नाही आणि ते संकेतस्थळही आता उघडत नाही. (वाशीम जिल्ह्यातील विद्यार्थी)

उत्तर : नऊ दिवसांनंतर ही रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी आहे, हे स्पष्टच सांगतो. तरीही १९३० वर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. आणि यापुढे "तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी थोडे शुल्क भरा" असा फोन आला तर तो दुसऱ्या फसवणुकीचा समजावा. एकदा फसलेल्या माणसाचा क्रमांक या मंडळींत हातोहात फिरतो.

खोटे संकेतस्थळ ओळखण्याची एक खूण लक्षात ठेवावी. पत्त्यात प्रसिद्ध कंपनीचे नाव कोठेतरी असणे पुरेसे नसते. "डॉट कॉम" किंवा "डॉट इन" यांच्या लगेच आधी जो शब्द असतो तो त्या जागेच्या मालकाचा. कंपनीचे नाव आधी आणि त्याला जोडून "दिवाळीसेल" असा शब्द शेवटी असेल, तर ती कंपनी नव्हे. जाहिरातीतल्या दुव्यावर बोट ठेवण्याऐवजी फोनमध्ये आधीपासून असलेले अधिकृत ॲप उघडून तीच वस्तू तेथे शोधावी. तेथे ती त्या किमतीत नसेल तर ती कोठेच नाही. ई-व्यापाराच्या २०२० च्या नियमांनुसार विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याची माहिती ग्राहकाला दिसली पाहिजे. केवळ व्हॉट्सॲप क्रमांक देणाऱ्या विक्रेत्याला आगाऊ पैसे पाठवू नयेत.

त्या ११ मिनिटांविषयीही लिहायला हवे. खोटी घाई निर्माण करणे, टोपलीत न मागितलेली वस्तू टाकणे, शेवटच्या पायरीवर नवे शुल्क दाखवणे अशा १३ क्लृप्त्यांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये बंदी घातली आहे. नामांकित ॲपवर असे काही दिसले तरी १९१५ वर तक्रार करता येते.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेले पार्सल आमच्या गावापर्यंत येत नाही. कुरिअरवाला फोन करून तालुक्याला बोलावतो, कधी ओटीपी फोनवरच मागतो. एकदा मिक्सरच्या खोक्यात विटेचा तुकडा निघाला. (मेहकर तालुक्यातील गृहिणी)

उत्तर : ताई, वस्तू डोळ्यांसमोर आल्याशिवाय ओटीपी सांगू नये, एवढे एक पाळले तरी अर्धा त्रास टळेल. ओटीपी दिला म्हणजे वस्तू मिळाल्याची सही केली. तो सांगण्याआधी संदेश पूर्ण वाचावा. त्यात बँकेचे नाव किंवा रक्कम वजा होण्याचा उल्लेख असेल तर तो पार्सलचा ओटीपी नाही. महागाची वस्तू मागवताना खोके समोर उघडून दाखवण्याची सोय असेल तर तीच निवडावी. नसेल तर खोके फोडण्याआधीपासून, त्यावरचा पत्त्याचा कागद दिसेल अशा रीतीने, सलग चित्रीकरण करावे. विटेची तक्रार ॲपवर त्याच दिवशी नोंदवावी. कंपनीने ४८ तासांत पोच द्यावी आणि एका महिन्यात निवारण करावे, असा नियम आहे. ते झाले नाही तर बुलढाण्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते. कंपनीचे कार्यालय बंगळुरूला असो की गुरुग्रामला, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली, आणि खेड्यातल्या ग्राहकासाठी त्या कायद्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी तरतूद हीच आहे.

पार्सलच्या निमित्ताने आणखी दोन फसवणुकी चालतात. "पत्ता अपूर्ण आहे, पाच रुपये भरा" असा टपाल खात्याच्या नावाचा संदेश आला तर त्यातला दुवा उघडू नये. आणि "पार्सल मिळण्यासाठी हा क्रमांक दाबा" असे सांगून स्टार २१ किंवा स्टार ४०१ ने सुरू होणारा आकडा कोणी दाबायला लावला, तर आपले फोन परस्पर त्याच्याकडे वळतात. चुकून दाबला गेला असल्यास ##००२# दाबून ते वळण रद्द करावे. घरी एकट्या असणाऱ्या सासूबाईंनाही हे सांगून ठेवावे, कारण पार्सल नेमके सगळे शेतात असताना येते.

प्रश्न : धनत्रयोदशीला एक सोन्याचा मणी घेण्याची आमच्याकडे रीत आहे. सराफ म्हणतात, एवढ्या लहान वस्तूवर हॉलमार्क नसतो. हे खरे आहे का?

उत्तर : खरे आहे. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. म्हणून मण्याच्या बिलावर वजन, कॅरेट, त्या दिवसाचा भाव आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी. त्याहून मोठ्या दागिन्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक पाहावा व तो "बीआयएस केअर" ॲपमध्ये घालून पडताळावा. सोन्याच्या हॉलमार्किंगचे शुल्क नगामागे ४५ रुपये अधिक कर असे असते. त्याच्या नावाखाली कोणी शेकडो रुपये लावत असेल तर विचारावे. खामगावहून चांदी घेणाऱ्यांसाठी : चांदीवरही सप्टेंबर २०२५ पासून एचयूआयडी आला आहे, मात्र तो ऐच्छिक आहे.

प्रश्न : किराणा ऑनलाइन स्वस्त पडतो, पण गावातला दुकानदार कापूस विकेपर्यंत उधारी ठेवतो. दिवाळीचे सामान कोठून घ्यावे?

उत्तर : दोन्ही भाव एका कागदावर लिहून पाहावेत, पण तुलना पाकिटाच्या किमतीची न करता वजनाची करावी, कारण एकसारख्या दिसणाऱ्या पाकिटांत कधी ५०० ग्रॅम असते तर कधी ४५०. पाकिटावर प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दरही छापलेला असतो. त्यात पोहोचवण्याचे शुल्क मिळवावे. एवढे केल्यावर बेसन, रवा, साखर आणि तेल यांत फारसा फरक उरत नाही असे माझ्या स्वतःच्या घरचे हिशेब सांगतात. सुक्या मेव्यात उरतो. उधारी घेत असाल तर प्रत्येक वेळी वहीतल्या नोंदीचा फोनवर फोटो काढून ठेवावा. दुकानदाराला त्याचा राग येणार नाही, त्यालाही कापसाच्या चुकाऱ्याच्या दिवशी वाद नकोच असतो.