विजेच्या तारांसाठी तांबेच का वापरतात?

आपण विचारले आहे की, चांदी तांब्याहून सरस वाहक आहे आणि ॲल्युमिनिअम तांब्याहून स्वस्त व हलके आहे, तरीही विजेच्या कामात तांब्याचाच एवढा आग्रह का धरला जातो. मी रसायनशास्त्र शिकवतो आणि हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ‘तांबे सर्वांत चांगले वाहक आहे’ हे त्याचे सर्रास दिले जाणारे उत्तर बरोबर नाही.

तांब्याचा अणुक्रमांक २९ असून आवर्तसारणीत ते चांदी आणि सोन्याच्या गटात येते. या तिन्ही मूलद्रव्यांच्या बाह्यतम कवचात एकच इलेक्ट्रॉन असतो आणि त्याच्या आतले डी उपकवच पूर्ण भरलेले असते. त्यामुळे तो एकटा इलेक्ट्रॉन धातूत फारशा अडथळ्याविना फिरू शकतो. चांदीची वाहकता तांब्यापेक्षा साधारण सहा टक्क्यांनी जास्त आहे, पण एवढ्याशा फरकासाठी चांदीची किंमत मोजणे कोणालाच परवडणारे नाही. खरी तुलना होते ती ॲल्युमिनिअमशी.

या तुलनेत ॲल्युमिनिअम काही बाबतींत जिंकते, हेही मान्य केले पाहिजे. रोध तेवढाच ठेवायचा असेल, तर ॲल्युमिनिअमच्या तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे १.६ पट घ्यावे लागते, मात्र तिचे वजन तांब्याच्या निम्मेच भरते. म्हणूनच मनोऱ्यांवरून जाणाऱ्या उच्चदाब वाहिन्या सहसा पोलादी गाभ्याभोवती गुंडाळलेल्या ॲल्युमिनिअमच्या असतात. मोटरमध्ये तारेची वेटोळी ज्या खाचांत बसवतात, तिथे मात्र जागा मोजकीच असते. तिथे जाड तार बसत नाही आणि तांब्याला पर्याय शोधणे अवघड होते.

तांब्याची वाहकता त्याच्या शुद्धतेवर किती अवलंबून असते, याकडे फारसे लक्ष जात नाही. फॉस्फरसचे प्रमाण अवघे ०.०४ टक्के झाले, तरी वाहकता पंधरा-वीस टक्क्यांनी किंवा त्याहूनही जास्त घसरते. नळ्यांसाठीच्या तांब्यात ऑक्सिजन काढून टाकण्यासाठी फॉस्फरस मुद्दाम घालतात, त्यामुळे नळीचे तांबे आणि तारेचे तांबे एक समजू नये. भट्टीतून निघालेले तांबे ९८ ते ९९ टक्के शुद्ध असते. तारेसाठी ते विद्युत अपघटनाने ९९.९९ टक्क्यांपर्यंत न्यावे लागते.

ही क्रिया प्रयोगशाळेत पाहण्यासारखी असते. सल्फ्युरिक आम्ल मिसळलेल्या कॉपर सल्फेटच्या द्रावणात तांब्याच्या दोन पट्ट्या बुडवून वीज सोडली की, ऋणाग्रावर ताज्या तांब्याचा फिकट गुलाबी थर चढू लागतो, तर धनाग्र झिजत जाते. एक ॲम्पिअर प्रवाह तासभर वाहिला, तर सुमारे १.१९ ग्रॅम तांबे जमा होते. तेवढेच तांबे धनाग्रातून विरघळत असल्याने द्रावणाचा निळा रंग मात्र फिका पडत नाही. धनाग्र अशुद्ध तांब्याचे असेल, तर त्यातले लोह आणि निकेल द्रावणातच राहतात आणि सोने-चांदी गाळ होऊन तळाशी बसते. हा गाळ कारखान्यांत जपून गोळा केला जातो. वाहकतेचे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९१३ साली ठरले, तेव्हा त्या काळच्या उत्तम तांब्याची वाहकता १०० टक्के धरली गेली. आजची तार अनेकदा १०१ टक्क्यांपर्यंत जाते, यात शुद्धीकरणातील प्रगतीचा मोठा वाटा आहे.

घरातील वायरिंगचा विचार करताना मी वाहकतेपेक्षा जोडाला अधिक महत्त्व देतो. ॲल्युमिनिअमवर हवेत क्षणार्धात ऑक्साइडचा कठीण, वीजरोधक थर तयार होतो. शिवाय स्क्रूच्या दाबाखाली हा धातू हळूहळू सरकतो, तापल्यावर तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावतो, आणि सैल झालेला जोड आणखी तापून आणखी सैल होतो. तांब्यावरही ऑक्साइड येते, पण तो पातळ थर स्क्रू आवळताना सहज तुटतो आणि खालचा धातू नीट टेकतो. हे दोन धातू एकमेकांना थेट जोडल्यास ओलाव्यात ॲल्युमिनिअम वेगाने गंजते. म्हणून जिथे ॲल्युमिनिअमची केबल तांब्याच्या पट्टीला जोडावी लागते, तिथे एका टोकाला ॲल्युमिनिअम आणि दुसऱ्या टोकाला तांबे असलेला बायमेटॅलिक लगच (केबलच्या टोकाला बसवायचा द्विधातूचा जोडतुकडा) वापरावा.