मोठ्या अभ्यासकाला पत्र लिहिताना

मराठीत पीएच.डी. करणारी मुलं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा एक तक्रार हमखास असते. “मॅडम, सिद्धांताचं प्रकरण लिहायचंय आणि मला सिद्धांतच कळत नाही. अमुक सरांना विचारायचंय, पण धीर होत नाही.”

मागच्या वर्षी आलेली विद्यार्थिनी दलित आत्मकथनांवर काम करत होती. कोर्सवर्क झालेलं, सल्लागार समितीपुढचं सहामाही सादरीकरण तोंडावर आलेलं आणि एका ज्येष्ठ समीक्षकांना लिहिलेला मेल ड्राफ्टमध्येच पडून. तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. ‘आदरणीय सर, मी एक सामान्य विद्यार्थिनी आहे. संरचनावाद व उत्तर-संरचनावाद याविषयी कृपया मार्गदर्शन करावे, संदर्भग्रंथ सुचवावेत.’

“हे वाचून सर काय म्हणतील?”

“ही एम.ए. झालीच कशी, म्हणतील.”

“समजा म्हणाले. पुढे?”

ती गप्प झाली. मग म्हणाली, “पुढे काय, माझी लायकी नाही हे सिद्धच होईल.”

मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानते. एखाद्या घटनेवरून स्वतःची किंमत ठरवू नये, असं ती सांगते. त्यामुळे हे वाक्य ऐकलं की मी तिथेच थांबते. एका मेलच्या उत्तरावर अख्खी लायकी पणाला लावली, तर ‘सेंड’ दाबणार कोण?

पुढच्या भेटींत आम्ही त्या वाक्याशीच झगडलो. एकदा मी विचारलं, “संरचनावाद वगैरे राहू देत. वाचताना तू नेमकी कुठे अडलीस?”

“रोलाँ बार्थ हा फ्रेंच समीक्षक 1967 च्या निबंधात लेखकाचा मृत्यू जाहीर करतो. अर्थ लेखकाच्या चरित्रात शोधू नका, म्हणतो. पण ‘बलुतं’मध्ये दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. माणूस एकच. यातला मेला कोण? आणि मॅडम, ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या लिहूच दिलं नाही, त्यांच्यातला एक आत्ता कुठे लेखक होतोय, तर लगेच त्याला मारायचं?”

तिचा आवाज चढला होता. मी तिचे शब्द जसेच्या तसे कागदावर उतरवले आणि कागद तिच्यापुढे सरकवला. “सरांना हेच विचार.”

“एवढंच चालेल?”

ज्याला आपण ‘कळत नाही’ म्हणतो, तिथेच पुष्कळदा आपला स्वतःचा विचार सुरू झालेला असतो. संशोधकांसोबत काम करताना मला हे वारंवार दिसलं आहे, आणि ते त्यांना दाखवून देता येतं याचं मला समाधान आहे. आमच्याच क्षेत्रात कि. मो. फडके यांनी या विचारपद्धतीचे जनक, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्याशी अनेक वर्षं पत्रव्यवहार केला. एलिस यांची पुस्तकं बारकाईने वाचून ते थेट शंका विचारत.

मेल गेला. काही दिवसांनी ती आली ती हसतच. “सरांना माझा मुद्दा अजिबात पटला नाही. फोन करायला सांगितलंय.” आधीच्या हिशेबाने हा तिचा पराभव होता. आता ती फोनवर काय बोलायचं त्याची टिपणं काढत होती.

तुम्हीही असं पत्र लिहिणार असाल तर ‘मार्गदर्शन करावे’ हे शब्द काढून टाका. स्वतःची ओळख दोन ओळींत द्या. त्यात ‘सामान्य’ नको. त्या अभ्यासकांचं निदान एक पुस्तक वाचून मगच लिहा, आणि एकच प्रश्न विचारा, नेमक्या उताऱ्यासह. प्रबंधाची रूपरेषा जोडू नका, ते काम तुमच्या मार्गदर्शकांचं. पत्र पाठवताय हे त्यांच्या कानावर मात्र आधी घाला. उत्तर आलं नाही तर पंधरवड्याने एकदा आठवण करा. तरीही आलं नाही, तर तोच प्रश्न प्रकरणाच्या सुरुवातीला ठेवून लिहायला लागा.