परसातला टर्फ: एफडी मोडावी का?

प्रश्न: आम्ही जुळे सोलापूरला राहतो. बंगल्यामागे ६० बाय ३० फूट जागा मोकळी आहे. मोठा मुलगा आठवीत, धाकटा सहावीत. दोघेही क्रिकेटवेडे, पण संध्याकाळ मोबाईलवर जाते. तिथे कृत्रिम टर्फ, जाळी आणि लाईट बसवायचं साडेसात लाखांचं कोटेशन आलंय. ६ लाखांच्या एफडीतले ४ लाख मोडायचे आणि गृहकर्जावर साडेतीन लाखांचं टॉप-अप ९.५ टक्क्यांनी घ्यायचं, असा विचार आहे. रिकाम्या वेळी टर्फ भाड्याने देऊन पैसे वसूल होतील का? मी टॉवेल कारखान्यात मॅनेजर आहे, पत्नी शिक्षिका. दोघांचं मिळून हातात १ लाख १० हजार येतात. घरखर्च ५५ हजार, हप्ता २४ हजार, एसआयपी १० हजार.

उत्तर: मुलांनी मोबाईल ठेवून घामाघूम होईपर्यंत खेळावं, ही तुमची इच्छा शंभर टक्के योग्य आहे आणि त्यावर पैसा खर्च करण्यात काहीच गैर नाही. पण या आकाराचा टर्फ, या पद्धतीने पैसे उभे करून, करू नका.

आधी एफडीचं बघू. घरखर्च आणि हप्ता धरून महिन्याला ७९ हजार लागतात. सहा महिन्यांची तजवीज म्हणजे पावणेपाच लाख. चार लाख मोडले की उरतात दोन, म्हणजे जेमतेम अडीच महिने. टॉवेलच्या धंद्यातल्या माणसाला हे मी सांगायला नको. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं, तेव्हा निर्यातीच्या भरवशावरची नोकरी किती निर्धास्त असते हे तुम्ही जवळून पाहिलं असेल. ती एफडी तुमच्या घराचा श्वास आहे.

टॉप-अपचा हप्ता पाच वर्षांसाठी सुमारे ७,३५० रुपये पडेल. तो तुम्हाला झेपेल, नाही असं नाही. पण व्याजाचे ९१ हजार जातील. शिवाय ४ लाख साडेसहा टक्क्यांनी पाच वर्षं राहिले असते, तर दीड लाख व्याज मिळालं असतं. म्हणजे साडेसात लाखांचा टर्फ जवळपास १० लाखांना पडतो.

आणि वापर किती वर्षं? टर्फ आठ-दहा वर्षं टिकतो असं विकणारे सांगतात, पण तुमचा हिशोब त्या वर्षांचा नाहीच. मोठा दोन वर्षांत दहावीला, चार वर्षांत बारावीला. त्यानंतर तो पुण्याला जाईल की आणखी कुठे, कोण जाणे. नेमके तेव्हाच फीसाठी पैसे लागतील. शिवाय पूर्ण खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे ६६ फूट, आणि तुमची जागा ६०. आज धाकट्याला ती पुरेल, पण मोठ्याला लवकरच अपुरी पडेल.

सोलापूरचं ऊनही हिशोबात धरा. भर उन्हात कृत्रिम टर्फ साध्या जमिनीपेक्षा खूप जास्त तापतो, अनवाणी पाय ठेववत नाही. मार्च ते जूनच्या दुपारी तो बंदच राहणार. पाणी मारून थंड करायचं म्हटलं, तर आपल्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे तुम्हाला ठाऊक आहे. हिरवळीपेक्षा टर्फला पाणी कमी लागतं हे खरं, पण तुलना मोकळ्या अंगणाशी आहे, हिरवळीशी नाही.

भाड्याची कल्पना मला सर्वांत धोक्याची वाटते. घरगुती वीजजोडणीवर धंदा केला तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. महापालिकेची परवानगी, मालमत्ता करातला बदल, भाड्यावरचा प्राप्तिकर हे वेगळंच. निवासी भागात रात्री दहानंतर आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि मोकळी पोरं टर्फवर येणार ती नेमकी रात्रीच. कुणाचं डोकं फुटलं तर जबाबदारी तुमची. शेजाऱ्यांशी वाकडं येईल ते निराळंच.

त्यापेक्षा असं करा. जवळच्या टर्फवर तासाला आठशे रुपये पडतात असं समजू. दहा पोरांत वाटले तर डोई ८०. दोन्ही मुलं आठवड्यातून दोनदा गेली, तरी महिन्याला १,३०० च्या आसपास. यात त्यांना संघ मिळतो, जो परसात मिळणार नाही.

घरी सरावाची सोय हवीच असेल, तर १२ फूट रुंद एकच नेट करा: सिमेंटची पट्टी, वर मॅट, बाजूंना खांब आणि जाळी. दीड लाखाची मर्यादा घाला. सगळे खर्च आणि एसआयपी जाऊन तुमच्याकडे २१ हजार उरतात. त्यातले १५ हजार दहा महिने बाजूला टाकले की पैसे जमले, कर्जाशिवाय.

कोटेशन घेताना एक गोष्ट सोडू नका. तुमच्या प्लॉटवर काळी माती असेल, तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. स्वस्त कोटेशनमध्ये नेमकं खालचं काम गाळलेलं असतं. माती किती खोल काढणार, मुरूम आणि खडीचा थर किती, पाण्याचा उतार कुठे, हे लेखी मागा. दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा संपेपर्यंत रोखून ठेवण्याची अट घाला. ठेकेदार ती मान्य करत नसेल, तर दुसरा बघा.