मुंगळ्याचं नाव कोण पक्कं करतं?

प्रश्न : माझी लेक झूलॉजी घेऊन बी.एस्सी. करायलीय. ती म्हणायलीय की बांधावरच्या मुंगळ्याचं नाव सव्वादोनशे वर्षांपूर्वी ठेवलेलं आहे आणि ते म्युझियममधल्या नमुन्यावर टिकून असतं. मग तो नमुना खराब झाला, हरवला तर नाव जातं का? आणि आमच्या शेतात एक वेगळीच मुंगी दिसायलीय, तिला आम्ही नाव देऊ शकतो का?
– एक वाचक, गंगाखेड, जि. परभणी

उत्तर : दादा, लेक बरोबर सांगायलीय. बाभळीच्या बुडाशी दिसतो तो काळा मुंगळा म्हणजे कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस, हे नाव फॅब्रिसियस या डॅनिश शास्त्रज्ञानं १७८७ मध्ये ठेवलं, तेव्हा त्यानं मुंगळा फॉर्मिका या जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, टाकला होता, पुढं १८६१ ला मायर या शास्त्रज्ञानं कॅम्पोनोटस ही जीनस केली आणि मुंगळा तिकडं गेला, म्हणून आता फॅब्रिसियसचं नाव कंसात लिहितात.

आता नमुन्याचं. जुनी वर्णनं दोन-चार ओळींची, त्यात कितीतरी जाती बसतील. बांधाचं भांडण लागलं की मोजणीवाला शेवटी हद्दीच्या दगडापाशी येतो ना, तसं नावाचा वाद लागला की सगळे टाइप नमुन्यापाशी, म्हणजे ज्याच्यावर नाव टिकून असतं त्या नमुन्यापाशी, येतात. नवीन जात जाहीर करताना तो नमुना कोणता हे स्पष्ट सांगणं २००० पासून सक्तीचंच आहे, तो एकच असेल तर त्याला होलोटाइप म्हणतात. पूर्वी पाच-सहा मुंग्या एकत्र ठेवायचे आणि कधी कधी त्यात दोन जाती निघायच्या, मग नंतरचा अभ्यासक त्यातली एक निवडतो, ती लेक्टोटाइप, आणि नाव कायमचं तिच्यासोबत जातं.

नमुना हरवला तरी नाव जात नाही. खरंच गोंधळ होत असेल तरच नवा नमुना ठरवता येतो, त्याला निओटाइप म्हणतात, उगं सोयीसाठी नाही करता येत. तो होईल तितका मूळ ठिकाणाजवळचा पाहिजे, जुन्या वर्णनाशी जुळला पाहिजे आणि संस्थेत जमा झाला पाहिजे. जगभर पसरलेल्या फायडोले मेगासेफाला या मोठ्या डोक्याच्या मुंगीला फॅब्रिसियसनं १७९३ ला नाव दिलं ते मॉरिशसच्या मुंगीवरून, म्हणून २०१३ मध्ये निओटाइप निवडला तोही मॉरिशसचाच. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण उपद्रवी मुंगी नेमकी कोणती हेच ठरलं नाही तर तिच्यावरचा सगळा अभ्यास डळमळतो.

जुनं नाव आधी हा नियम आहे, पण त्यालाही अपवाद करतात. अमेरिकेतली लाल आगमुंगी १९७२ पासून सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टा म्हणून सगळ्यांना माहीत, आणि मग १९९० च्या दशकात कळलं की तिला १९१६ मध्येच वॅग्नेरी हे नाव मिळालंय! शेवटी प्राण्यांच्या नावांचे नियम बघणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगानं २००१ ला इन्व्हिक्टाच ठेवलं, आणि माझ्या मते योग्यच केलं.

तुमच्या मुंगीचं सांगायचं तर नाव देता येतं, पण घाई नको. एकाच वारुळात मोठ्या डोक्याचे आणि बारके असे दोन्ही मुंगळे असतात, ते दोन जातींचे वाटतात. म्हणून एकाच वारुळातल्या लहान-मोठ्या सगळ्या घ्या, पहिल्या पावसानंतर पंखवाल्या निघाल्या तर त्याही घ्या आणि अल्कोहोलमध्ये ठेवा. नुसत्या फोटोवर भागत नाही. अभ्यासक मग जाड कागदाच्या छोट्या त्रिकोणाच्या टोकाला गोंदाचा ठिपका लावतात, मधल्या आणि मागच्या पायांच्या मधोमध धड चिकटवतात आणि टाचणी कागदातून घालतात, मुंगीतून नाही, कारण एवढ्याशा अंगाला टाचणीनं भोक पडलं तर बघायचं तेच जातं.

खरंच नवीन निघाली तर २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नमुना सरकारनं ठरवलेल्या संस्थेत जमा करावाच लागतो. आधी लेकीला सांगा कॉलेजच्या सरांना दाखवायला, पुढं पुण्याला झूलॉजिकल सर्व्हेचं केंद्र आहेच. आणि बाटलीत चिठ्ठी पेन्सिलीनंच लिहा, पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते: गाव, तालुका, तारीख, कोणत्या झाडाखाली, कोणी पकडली.