खिडकी क्रमांक दोन : ‘रिटर्न काढू का?’

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्यांत एकच प्रश्न आहे : दोघांनी जायचं कुठे? चौतीस वर्षं मी मध्य मुंबईतल्या एका स्टेशनावर तिकीट खिडकीत बसले, तेव्हा हा प्रश्न मला नवा नाही. त्या वेळी पुठ्ठ्याची तिकिटं होती. तारखेच्या यंत्रात घातलं की खट्‌ आवाज व्हायचा. मुलगा दबक्या आवाजात म्हणायचा, “दोन चर्नी रोड.” मुलगी पाच पावलं लांब उभी राहून कर्जतच्या गाड्यांचं वेळापत्रक अगदी मन लावून वाचायची. मी विचारायचे, “रिटर्न काढू का?” त्यावर मुलगा मागे वळून तिच्याकडे बघायचा आणि दोघांचं गुपित सगळ्या रांगेला कळायचं.

सवय जात नाही. अजूनही कुणी कुठे निघालं, की मी आधी परतीचं विचारते.

मावशी, मी २८ वर्षांचा, कल्याणला राहतो. सांगून आलेलं स्थळ आहे, मुलगी विलेपार्ल्याची. घरच्यांसमोर दोनदा भेटलो, दोन्ही वेळा पोहे झाले. येत्या रविवारी पहिल्यांदाच दोघंच भेटणार आहोत. मित्र म्हणतात मॉलमध्ये जा. तिथे काय बोलायचं ते मला सुचत नाही. — एक वाचक, कल्याण

बाळा, आधी रविवार रद्द कर. रविवारी मेगाब्लॉक असतो. तू घामाघूम होऊन चाळीस मिनिटं उशिरा पोचणार आणि पहिली दहा मिनिटं रेल्वेला शिव्या घालण्यात जाणार. रेल्वेला शिव्या घालायला माझी हरकत नाही, पण तेवढ्यासाठी मुलीला पार्ल्याहून कशाला बोलवायचं? शनिवार दुपार धर.

मॉल नकोच. तिथे दोघं शेजारी चालतात आणि बघतात दुकानांकडे. पहिल्या भेटीला समोर काहीतरी हलतं असलं पाहिजे, म्हणजे बोलणं अडलं तरी नजरेला काम राहतं. म्हणून बस आणि समुद्र.

तू कल्याणहून फास्ट गाडीने सीएसएमटीला ये. आता पार्ल्याची मुलगी म्हणेल, मी चर्चगेटला उतरते, तिथून चालत येते. तिला सांग, चालायची गरज नाही. विलेपार्ल्याला हार्बरची गाडी थांबते, ती वडाळ्यावरून थेट सीएसएमटीला येते. पार्ल्यात जन्म काढलेल्यांनाही हे पटकन आठवत नाही. गाड्या कमी असतात, तेवढं वेळापत्रक बघून निघायला सांग. आणि तिने रिटर्न काढू नये. कारण पुढे कळेल.

साडेचारला मोठ्या इंडिकेटरखाली भेटा. बाहेर येऊन ११५ नंबरची डबलडेकर पकडा, ती नरिमन पॉइंटच्या एनसीपीए नाट्यगृहाला जाते. वर चढायचं आणि पुढची जागा रिकामी नसेल तर सरळ दुसऱ्या बसची वाट बघायची. ही बस वातानुकूलित, विजेवर चालणारी. जुनी लाल डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. तिच्या पुढच्या खिडकीतून येणारा वारा काही औरच होता, केस विस्कटायचे, पदर उडायचा. नव्या बसची काच उघडत नाही. पण सीएसएमटीचा घुमट आणि त्या दगडी इमारती वरच्या मजल्यावरून वेगळ्याच दिसतात. खालून चालताना आपण फक्त फेरीवाले बघतो.

एनसीपीएला उतरून समुद्र डाव्या हाताला ठेवून मरीन ड्राइव्हच्या कट्ट्याकट्ट्याने चर्चगेटच्या दिशेने चाला. रमतगमत अर्धा तास. हिवाळ्यात सहाच्या आसपास सूर्य बुडतो, तो आपोआप गाठला जाईल. बोलायला विषय लागला तर रस्त्यापलीकडे बघा. गोलाकार बाल्कन्यांच्या त्या आर्ट डेको इमारती २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. ‘यातलं कुठलं घर घ्यायचं’ यावर भांडून बघा. फुकटातलं भांडण आहे, आणि पंचेचाळीस वर्षांचा हप्ता भरायला माणूस तयार आहे की नाही हेही कळतं.

मग चर्चगेटकडे वळा. ब्रेबॉर्न स्टेडियमच्या अंगाला के. रुस्तमचं आइस्क्रीम मिळतं. कप नाही, कोन नाही. आइस्क्रीमचा जाड चौकोनी तुकडा, वर-खाली पातळ वेफर. हातात पडल्यापासून तो वितळू लागतो. चारही कडांनी आधी चाटून घ्यायचं आणि मग मधे चावायचं, असं न करणाऱ्याच्या कोपरापर्यंत ओघळ जातो. इथे मात्र मुलीकडे नीट बघ. ओघळ गेल्यावर ती हसते, चिडते, की तुझ्याकडे रुमाल मागते? आणि तुझ्या खिशात रुमाल असू दे. पोह्यांच्या बशीसमोर मांडी घालून बसलेलं माणूस आणि कोपरावर आइस्क्रीम आलेलं माणूस, यातल्या दुसऱ्या माणसाशी लग्न करायचं असतं.

तिथून चर्चगेट स्टेशन हाकेच्या अंतरावर. तिला बोरिवली स्लो मिळेल, फास्ट पार्ल्याला थांबत नाही. म्हणून सीएसएमटीचं रिटर्न काढू नको म्हटलं. तू सीएसएमटीपर्यंत चालत जा. पंधरा-वीस मिनिटं लागतात. हो म्हणायचं की नाही, याला तेवढी पुरतात.

ताई, आम्ही डोंबिवलीचे. हे गेल्या वर्षी निवृत्त झाले. लग्नाला ३६ वर्षं झाली, पण मुलं, सासूबाई, पाहुणे सोडून आम्ही दोघंच असे कुठे गेलोच नाही. मला घारापुरीला जायची फार इच्छा आहे, पण माझे गुडघे साथ देत नाहीत. ह्यांना हे सगळं ‘या वयात’ वाटतं. — एक वाचक, डोंबिवली पूर्व

घारापुरीचा हट्ट सोडा. गेटवेहून लाँचने तासभर, तो भाग सुखाचा. पण धक्क्यापासून लेण्यांपर्यंत शंभराहून जास्त पायऱ्या आहेत. वर पोचेपर्यंत तुम्ही त्रिमूर्तीला नाही, गुडघ्याला नमस्कार कराल.

पण गंमत ऐका. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं, तो हत्ती बेटावर नाहीच. १८६४ मध्ये इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो पडला आणि फुटला. १९१४ मध्ये तुकडे जोडून त्याला भायखळ्याला उभा केला. राणीच्या बागेच्या आवारात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर तो आजही आहे. एक पायरी न चढता घारापुरीचा हत्ती बघून होतो. काळा घोडाही तिथेच आहे बरं का. ज्या सातव्या एडवर्डच्या पुतळ्यावरून फोर्टातल्या चौकाला ते नाव पडलं, तो पुतळा १९६५ मध्ये तिथून उचलून भायखळ्याला आणला. थोडक्यात, मुंबईला जे कुठे ठेवावं कळत नाही ते ती राणीच्या बागेत ठेवते. निवृत्त नवरा न्यायला जागा योग्य आहे.

डोंबिवलीहून सकाळी साडेदहानंतरची गाडी घ्या, गर्दी ओसरलेली असते. भायखळ्याला उतरल्यावर लगेच धावू नका, स्टेशनची जुनी इमारत बघा. तिची डागडुजी इतकी सुरेख झाली, की २०२२ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. रेल्वेची म्हणून सांगत नाही. बरं, सांगतेय. तिथून टॅक्सी करा, गुडघ्यांना उगीच परीक्षेला बसवू नका. बागेत वाट सपाट, झाडं प्रचंड, बाकं भरपूर. पेंग्विन २०१७ पासून बघायला मिळतात, त्यांच्यापुढे मुलांची झुंबड असते. मी म्हणेन आधी झाडं बघा. गोरखचिंचेचं खोड बघून ‘हे’ नक्की काहीतरी बोलतील, पुरुषांना खोडाचा घेर मोजायला आवडतो. संग्रहालय उघडं आहे का, ते मात्र निघण्याआधी फोन करून विचारा.

आणि बुधवारी जाऊ नका. बुधवारी बाग बंद असते. हे मी खिडकीतून किती जणांना सांगितलं असेल! ‘भायखळा दोन मोठे, दोन लहान’ म्हटलं की मी विचारायचे, “राणीचा बाग? आज बुधवार आहे.” आणि निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा ह्यांना घेऊन गेले ती कधी? बुधवारी. नोकरी सुटली की वारही सुटतात. बंद फाटकासमोर आमचे हे काही बोलले नाहीत, फक्त पिशवीतली पाण्याची बाटली काढून प्यायले. एकतीस वर्षांच्या संसारात त्या पाणी पिण्याचा अर्थ मला कळतो.

मग जवळच्या एका इराण्याकडे शिरलो. संगमरवरी टेबल, बनमस्का, चहा. दोन तास बसलो. बन चहात बुडवता बुडवता हे म्हणाले, “एक सांगू? मला तुझी भरली कारली आवडत नाहीत.” मी म्हटलं, “कधीपासून?” म्हणाले, “पहिल्यापासून.” एकतीस वर्षं दर पंधरवड्याला मी ती कारली दोऱ्याने बांधत होते! घरी हे कधीच निघालं नसतं. घरी कुकरची शिट्टी होते, बेल वाजते, कुणाचा तरी फोन येतो आणि कारलं तसंच गिळलं जातं.

तेव्हा ‘या वयात’ म्हणणाऱ्यांना सांगा, फिरायला नाही, हत्ती बघायला जायचंय. कारण दिलं की पुरुष निघतात.

मावशी, आम्ही दोघं कॉलेजात आहोत. बागेत बसलं की वॉचमन उठवतो, कॅफेत दोन कॉफींना चारशे रुपये. दोघांत मिळून दोनशे रुपयांत दिवस कसा काढायचा? — एक वाचक, मुलुंड

रेल्वेचा विद्यार्थी पास आहे ना? मग अर्धं काम झालं. काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी आहे, १९५२ पासूनची. तिकीट नाही. आत गारवा आहे, आणि चित्रासमोर दहा मिनिटं उभं राहिलं तरी कुणी उठवत नाही, उलट जाणकार समजतात. चित्रकार बहुतेक तिथेच खुर्चीत बसलेला असतो, त्याला एखादा प्रश्न विचारा. त्याला दिवसभरात कुणी विचारलेलं नसतं. बाहेर चौकात आता जो बिनस्वाराचा काळा घोडा दिसतो तो २०१७ चा. जुना कुठे गेला, ते वरच्या उत्तरात वाचा आणि तिला असं सांगा, जसं काही तुम्हालाच आधीपासून ठाऊक होतं.

नंतर सीएसएमटीसमोर वडापाव, दोन-दोन खाल्ले तरी पैसे उरतात. उरलेले उडवू नका, पुढच्या आठवड्याला ठेवा. आणि मुलीला गाडीत बसवून द्या म्हणजे लेडीज डबा जिथे थांबतो तिथपर्यंत जा. लांबून हात हलवून पळू नका.

मावशी, पावसाळ्यात मरीन ड्राइव्हला लाटा बघायला जाऊ का? — एक वाचक, भांडुप

जा, पण भरतीची वेळ आणि उंची पेपरात बघून. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि धो-धो पाऊस एकाच दिवशी असेल, तर घरी बसून भजी तळा. लाट कट्ट्यावरून येते तेव्हा समुद्रातला कचराही घेऊन येते. माझ्या नव्या पोपटी साडीवर आलेला चपलेचा अंगठा मी विसरलेले नाही.

आपले सदर तरुणांना नको ते शिकवते. आमच्या काळी असले प्रकार नव्हते. — एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव

काका, तुमच्या काळी खिडकीत मी होते. शनिवार दुपारी चर्नी रोडची तिकिटं संपायची आणि मला उठून नवा गठ्ठा आणायला जावं लागायचं.