विमान देखभालीचं प्रशिक्षण: आधी कोर्स की थेट हँगर?

शाळा संपल्यावर मान्यताप्राप्त कोर्स करावा, की हँगरमध्ये मदतनीस म्हणून लागून परीक्षा बाहेरून द्याव्यात, असं तुम्ही विचारलंय. शिवाय देखभालीच्या परवान्यात बी१ (मुख्यतः यांत्रिक) घ्यावा की बी२ (मुख्यतः इलेक्ट्रॉनिक), आणि बेताच्या इंग्रजीवर निभावेल का, हेही. मी दोन्ही वाटांनी आलेल्या मुलामुलींना हँगरमध्ये शिकवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वर्षांचा हिशेब. युरोपच्या पार्ट-६६ नियमांत, म्हणजे देखभालीच्या परवान्याच्या नियमांत, टर्बाइन विमानांच्या बी१.१ परवान्यासाठी पार्ट-१४७ (प्रशिक्षण संस्थांचे नियम) मान्यतेच्या संस्थेत २,४०० तासांचा कोर्स केला, तर प्रत्यक्ष विमानांवरचा २ वर्षांचा अनुभव पुरतो. तांत्रिक शिक्षणच नसेल तर ५ वर्षं लागतात. कोर्सलाच साधारण दोन वर्षं जातात हे धरलं तर फरक वाटतो तेवढा मोठा नाही. अमेरिकेत एअरफ्रेम (सांगाडा) किंवा पॉवरप्लांट (इंजिन) यांपैकी एकासाठी १८ महिने आणि दोन्हींसाठी मिळून ३० महिने कामाचा अनुभव दाखवावा लागतो, नाहीतर मान्यताप्राप्त शाळेचं प्रमाणपत्र. त्यामुळे ‘कुठली वाट लवकर संपते’ यावर निर्णय घेऊ नका. त्या काळात तुमच्या हातांना काय काय करायला मिळणार, ते बघा.

थेट हँगरमध्ये गेलेल्यांचं नुकसान होतं ते इथेच. पहिलं वर्षभर पॅनेल उघडायची, धुवायची, परत लावायची. काम खरं असतं, पण अनुभव एकाच जातीचा साचत जातो. परवाना देणारे मात्र लॉगबुकात, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवहीत, विविधता शोधतात: लँडिंग गिअर, हायड्रॉलिक, इंधन प्रणाली, इंजिन, उड्डाण नियंत्रणं, दोष शोधणं. म्हणून लॉगबुक पहिल्या दिवसापासून भरा. तारीख, विमानाची नोंदणी, मॅन्युअलमधला टास्क क्रमांक, आपण नेमकं काय केलं, आणि देखरेख करणाऱ्याची सही त्याच आठवड्यात. सही करणारे नोकरी बदलतात, निवृत्त होतात. दोन वर्षांनी त्यांना शोधत फिरणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत आणि फार वाईट वाटतं.

कोर्सचा मोठा फायदा म्हणजे चुका करायला मिळतात. लॉकवायरचं, म्हणजे बोल्ट सुटू नये म्हणून बांधायच्या तारेचं, उदाहरण घ्या. दोन बोल्टच्या डोक्यांतून तार ओवून पिळायची, इतकंच दिसतं. पण तार अशी ओढलेली हवी की बोल्ट सैल व्हायला लागला तर तारेनं त्याला घट्ट होण्याच्या दिशेनं धरावं. ०.०३२ इंची तारेला इंचाला ६ ते ८ पीळ. जास्त पिळली तर तार ठिसूळ होते, कमी पिळली तर ढिली राहते. एकदा काढलेली तार पुन्हा वापरायची नाही. माझी तार आमच्या प्रशिक्षकांनी सलग तीन दिवस कापून टाकली होती, दर वेळी दिशा चुकली म्हणून. चौथ्या दिवशी बोल्ट कुठल्या बाजूला सुटेल ते मी आधी बोटानं हवेत फिरवून पाहिलं. आजही पाहते. टॉर्क रेंचचं, म्हणजे ठरावीक जोरानं (टॉर्कनं) बोल्ट आवळायच्या पान्याचं, तसंच: टोकाला क्रोफूट ॲडाप्टर (पुढे जोडायचं उघड्या तोंडाचं पान्याचं डोकं) सरळ रेषेत लावला की बोल्टवर पडणारा टॉर्क डायलवरच्या आकड्यापेक्षा जास्त असतो, तोच काटकोनात लावला तर फरक जवळपास राहत नाही. प्रश्नसंचात हे एका ओळीत येतं. हाताला कळायला वर्कशॉपच लागतं.

आता या शिक्षणातला सगळ्यात अवघड भाग. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या उड्डाण ५३९० मध्ये, बीएसी वन-इलेव्हन विमानात, सुमारे १७,३०० फुटांवर कॅप्टनच्या बाजूची काच उडून गेली. कॅप्टन अर्धे बाहेर ओढले गेले, सहकाऱ्यांनी त्यांना धरून ठेवलं, सहवैमानिकानं विमान साउथॅम्प्टनला उतरवलं, सगळे वाचले. ती काच आदल्याच दिवशी पहाटे बदलली होती. ९० बोल्टपैकी ८४ बोल्ट व्यासानं ०.०२६ इंच बारीक होते आणि उरलेले ६ लांबीला कमी. बसवणारा माणूस अनुभवी होता, आळशी नव्हता. त्यानं जुना बोल्ट हातात धरून कमी उजेडात डोळ्यानं तसाच दिसणारा शोधला. भांडारातल्या माणसानं योग्य क्रमांक सांगितलाही होता, पण बसवणाऱ्याचा जुन्या बोल्टवर जास्त विश्वास बसला. आणि ते जुने बोल्टसुद्धा मुळात चुकीचेच बसवलेले होते. पार्ट्स कॅटलॉग उघडून क्रमांक पाहिला असता तर काही मिनिटांचं काम होतं.

मी हे प्रत्येक नव्या तुकडीला सांगते, कारण हुशार मुलांनाच पाठांतराचा मोह होतो. शंभर वेळा केलेलं काम असलं तरी टास्क कार्ड (कामाच्या पायऱ्यांचा कागद) समोर हवं आणि मॅन्युअलची आवृत्ती चालू आहे का तेही तपासायला हवं. ही सवय नोकरीत गेल्यावर लागत नाही. तिथे कामाची पाळी संपत आलेली असते, विमान सुटायची वेळ झालेली असते, आणि सगळे तुमच्याकडे बघत असतात.

परीक्षांबद्दल थोडंच. पार्ट-६६ मध्ये बहुपर्यायी प्रश्नांना ७५ टक्के लागतात, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, नापास झालात तर साधारण ९० दिवस थांबावं लागतं. अमेरिकेत लेखीला ७० टक्के, पण त्यानंतर तोंडी आणि प्रात्यक्षिक असतं आणि तिथे रट्टा मारलेला माणूस पाच मिनिटांत उघडा पडतो. जुने प्रश्नसंच उजळणीला वापरा, शिकायला नको.

बी१ म्हणजे सांगाडा, इंजिन, यांत्रिक आणि विद्युत प्रणाली. बी२ म्हणजे एव्हिऑनिक्स (विमानातली इलेक्ट्रॉनिक उपकरणं) आणि विद्युत. सर्किट डायग्रॅमवर दोन तास बसून तुम्ही कंटाळत नसाल तर बी२ घ्या. नाहीतर बी१. कशाला मागणी आहे हे विचारून निवडू नका, शिकून होईपर्यंत ती बदललेली असते. आणि लक्षात ठेवा, युरोपच्या पद्धतीत मोठ्या विमानासाठी मूळ परवान्यावर त्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारच्या विमानासाठीची वेगळी मान्यता, लागतं, तेव्हाच विमान सेवेत सोडायची सही करता येते. तो वेळ आणि खर्च आत्ताच धरून चाला.

इंग्रजीची भीती बाळगू नका, पण दुर्लक्षही करू नका. बऱ्याच मॅन्युअल ठरावीक सोप्या तांत्रिक इंग्रजीत लिहिलेल्या असतात. तिच्या कोशात सुमारे ९०० मान्य शब्द आहेत आणि शक्यतो एका शब्दाला एकच अर्थ. रोज मॅन्युअलचं एक पान मोठ्यानं वाचा आणि त्यातलं काम मराठीत कुणाला तरी समजावून सांगा. ‘वॉर्निंग’ म्हणजे माणसाला इजा होऊ शकते, ‘कॉशन’ म्हणजे सामानाचं नुकसान होऊ शकतं, असे फरक तिथेच पक्के होतात.

माझं मत विचाराल तर, जमत असेल तर कोर्स करा, पण संस्था डोळ्यांनी बघून निवडा. खरं विमान आहे की नुसते कापलेले नमुने? एका इंजिनाभोवती किती विद्यार्थी उभे राहतात? नंतरचा अनुभव कुठे मिळणार आणि लॉगबुकावर सही कोण करणार? एकदा शिकत असताना पाळी संपताना आमच्या शॅडो बोर्डवर (प्रत्येक हत्याराची आकृती काढलेल्या फळीवर) एक छोटं सॉकेट कमी निघालं. अडीच तास काउलिंगखाली (इंजिनाच्या आवरणाखाली) शोधलं, शेवटी ते एकाच्या ओव्हरऑलच्या खिशात सापडलं, आणि तोवर ते विमान कुणी हलू दिलं नाही. म्हणून संस्था बघायला जाल तेव्हा वर्ग सुटेपर्यंत वर्कशॉपमध्ये थांबा आणि हत्यारं मोजून परत ठेवली जातात का, ते पाहूनच निघा.